मदत हवी आहे: युरिया दिलेली अर्धी हरळी जळाली, न दिलेली तगली. उरलेली पावसापर्यंत कशी जगवू?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी क्रीडाशिक्षक आहे. शाळेच्या मैदानाबद्दल विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर नेमकं कुठे चुकलं ते तुम्हाला कळणार नाही.

मैदान ९० बाय ६० मीटरचं. जमीन काळी, हात-दीड हातावर मुरूम. गवत म्हणजे आपली साधी हरळी. सहा वर्षांपूर्वी मुलामुलींनी बांधाबांधांवरून काश्या (हरळीची जमिनीत पसरणारी गाठाळ खोडं) गोळा करून आणल्या आणि आम्ही त्या ओळीनं लावल्या. शेतकरी ज्या काश्या जन्मभर वेचून उन्हात टाकतो, त्या आम्ही पाणी घालून जगवतोय हे बघून गावातली म्हातारी माणसं थांबून विचारायची. आज त्याच हरळीवर आमच्या मुली अनवाणी फुटबॉल खेळतात. पडल्या तरी गुडघे फुटत नाहीत. आधी मुरमावर खेळायच्या तेव्हा पट्टी बांधल्याशिवाय एक दिवस जात नव्हता.

मार्चअखेर शाळेत मोठा कार्यक्रम होता. मैदान हिरवंगार दिसलं पाहिजे असं ठरलं. फेब्रुवारीत मी युरियाची एक गोणी (४५ किलोची) पूर्वेकडच्या अर्ध्या भागात फेकली. पश्चिमेसाठी दुसरी मागितली होती, ती वेळेत आली नाही. मार्चच्या मध्यावर आली तेव्हा तीही पूर्वेलाच टाकली, कारण मंडप तिकडे होता आणि पाहुण्यांच्या नजरेसमोर तोच भाग येणार होता. हा निर्णय माझाच. पूर्वेची हरळी अशी माजली की दर चार-पाच दिवसांनी कापावी लागायची, तीही अगदी बुडापासून. पश्चिमेला पंधरा दिवसांतून एकदा मशीन फिरलं तरी पुरायचं.

कार्यक्रम झाला आणि त्याच आठवड्यात बोअर आटला. एप्रिलच्या सुरुवातीला एका पालकांनी १०,००० लिटरचा एक टँकर दिला, तो मी सगळ्या मैदानावर थोडा थोडा शिंपडला. आज पूर्वेचा भाग कडब्यासारखा झालाय, पायाखाली कुरकुरतो. पश्चिमेचा फिका पडलाय, पाती मिटून सुईसारखी झालीत, पण सकाळी थोडी हिरवट दिसतात. काल खुरप्यानं दोन्हीकडे खणून पाहिलं. पूर्वेला मुळं जेमतेम चार बोटं. पश्चिमेला वीतभर, आणि भेगांतून त्याच्याही खाली गेलेली. हे पाहून मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

आता विचारायचं ते असं. हा फरक युरियाचाच का, की कापणीचा? पूर्वेची हरळी मेली की झोपली, हे कसं ओळखायचं? खताच्या दुकानात सांगतात, "थोडा युरिया द्या, ताकद येईल." देऊ का? गावातल्या आरओ प्लांटचं टाकाऊ पाणी रोज गटारात जातं, ते चालेल का? आणि पाऊस पडल्यावर नत्र (युरियातून मिळतं ते नायट्रोजन) किती, कधी?

एक सांगून ठेवतो. पिण्याच्या पाण्याचा थेंबही मला मैदानावर नको आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस आम्ही काढलेत. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा इथं सगळ्यांना ते रास्त वाटलं होतं. मलाही. त्यामुळे "टँकर वाढवा" हा सल्ला कृपया नको.

मैदानराखण:

सर, मी पुण्यात क्रिकेटच्या मैदानांची देखभाल करतो. तुमच्याकडे जे घडलं ते दरवर्षी कुठे ना कुठे पाहतो.

फरक दोन्हीचा आहे, आणि दोन्हीचं मूळ एकच. भरपूर नत्र मिळालं की गवत आपली सगळी कमाई पात्यांत घालतं. मुळांच्या वाट्याला काही येत नाही. पाती मोठी, मऊ, पाणीदार होतात आणि उडवतातही जास्त पाणी. त्यात तुम्ही बुडापासून कापत होता. प्रत्येक कापणीनंतर नवं पातं काढायला काश्यांत साठवलेली शिदोरी खर्च होते. म्हणजे पाणी तुटलं त्या दिवशी पूर्वेच्या हरळीचा खर्च सगळ्यात मोठा होता, मुळं सगळ्यात उथळ होती आणि शिल्लक काहीच नव्हती. पश्चिमेची उपाशी होती म्हणून खाली पाणी शोधत गेली.

मेली की झोपली, ते असं बघा: खणून काशी काढा आणि नखानं सोला. आत पांढरी, घट्ट असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ, मोडताना कट्कन आवाज येत असेल तर गेली. खात्री हवी तर दोन्हीकडचे तुकडे कुंड्यांत लावून रोज पेलाभर पाणी द्या. दहा-बारा दिवसांत कळेल.

आणि आता मशीन पूर्ण बंद. वाळलेलं पातं तसंच राहू द्या, जमिनीला तेवढीच सावली.

कोरडवाहू:

सर, शेतकरी आहे, बीडचा. हरळी मरत नाही हो. आमची सात वर्षं नांगरूनही मेली नाही. खतबित काही देऊ नका, आत्ता नाही, पुढेही नाही. बांधावरच्या हरळीला कोण युरिया देतं?

मृदाताई:

कोरडवाहू दादा, बांधावरच्या हरळीवर चाळीस पोरी रोज धावत नाहीत. मैदानाची हरळी रोज तुडवली जाते, तिला झीज भरून काढायला नत्र लागतंच. अजिबात दिलं नाही तर ती विरळ होते, पाती कमी आणि तुरेच जास्त येतात, मधल्या उघड्या मातीत गाजरगवत शिरतं. उपाशी गवताची मुळं लांब असतील, पण एकदा उखडलं की भरून येत नाही. तेव्हा प्रश्न द्यायचं की नाही असा नाहीच. किती आणि कधी, एवढाच आहे.

सर, तुमचा हिशेब मांडते. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी सुमारे २०.७ किलो नत्र. अर्धं मैदान २,७०० चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक वेळी चौरस मीटरला साडेसात ग्रॅमच्या वर गेलं, आणि महिन्याभरात दोनदा. एका वेळी अडीच ते पाच ग्रॅम पुष्कळ झालं, तेही पाण्याची सोय असेल तर.

आत्ता युरिया मुळीच नको. मिटलेल्या गवताला तो घेता येत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीवर, वरच्या वर पडलेला युरिया बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. जो उरतो तो मातीतला क्षार वाढवून मुळांना पाणी घेणं आणखी अवघड करतो. १३:०:४५ ची (पोटॅशियम नायट्रेट या विद्राव्य खताची) फवारणी कुणी सुचवेल, कारण पिकांना पाण्याच्या ताणात ती करतात. पण ते हिरवं पान शाबूत असलेल्या पिकाला. कडबा झालेल्या पात्यावर फवारून काय मिळणार?

आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी घट्ट झालेले असतात. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, पण पाऊस नसताना तो क्षार धुऊन जाणार कुठे? माती परीक्षण प्रयोगशाळेत पाण्याची क्षारता मोजून घ्या, तोवर नको. मैदानावर आधीच कुठे पांढरा खार फुटलेला दिसतो का, तेही बघा.

टँकरचं गणित कटू आहे, तरी सांगते. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. तुमचे १०,००० लिटर ५,४०० चौरस मीटरवर पसरले, म्हणजे दोन मिलिमीटरही नाही. एप्रिलच्या उन्हात ते दुपारपर्यंत उडालं. पुढे कधी हात-पाय धुण्याचं पाणी साठवता आलं, साबणाचं नव्हे, तर सगळीकडे शिंपडू नका. जिथे काश्या जिवंत आहेत असा छोटा पट्टा निवडा आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा संध्याकाळी दहा-बारा मिलिमीटर बसेल एवढं सावकाश मुरवा. १०० चौरस मीटरला हजार-बाराशे लिटर. तेवढा पट्टा जगला तर पावसाळ्यात तोच तुमची रोपवाटिका.

धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार. दहा-बारा दिवस थांबून लिहितोय, कारण कुंड्यांचा निकाल हवा होता.

आठवीच्या मुलींनी दोन्ही बाजूंनी आठ-आठ काश्या काढून कुंड्यांत लावल्या आणि फळ्यावर तक्ता केला. पश्चिमेच्या आठही फुटल्या, पहिला कोंब पाचव्या दिवशी. पूर्वेच्या आठांपैकी तीन, त्याही उशिरा. पूर्वेच्या गोलसमोरून काढलेल्या एकीलाही कोंब नाही. मुलींनी मला विचारलं, "सर, जास्त खायला दिल्यानं मेली?" मी हो म्हटलं, आणि कुणी दिलं तेही सांगितलं.

पश्चिमेला दहा बाय दहाचा पट्टा आखलाय. हात धुण्याच्या नळाखाली टाकी ठेवली आहे, तीन आठवड्यांत हजारभर लिटर जमतं. आरओचं पाणी तपासायला दिलं होतं, क्षार फार निघाले, ते सोडून दिलं. सराव सध्या बाजूच्या मुरमावर, बूट घालून. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून जुने मागवले.

ताई, पावसानंतरच्या नत्राचं तेवढं सांगा. पालाशही (पोटॅश) द्यावं का? कुणी म्हणतं पालाशनं गवत काटक होतं.

मृदाताई:

पालाशची कमतरता असेल तर गवत पाण्याचा ताण नीट सोसत नाही हे खरं. पण मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसं असतं. आधीच भरपूर आहे तिथे वरून टाकून काटकपणा वाढत नाही. माती तपासा, कमी निघालं तरच द्या.

नत्रासाठी पहिल्या पावसाला हुरळून जाऊ नका. हरळी स्वतःच्या शिदोरीवर हिरवी होऊ द्या, दोनदा कापण्याइतकी वाढू द्या, मग चौरस मीटरला तीन ग्रॅम. सगळ्या मैदानाला १६ किलो नत्र झालं, म्हणजे ३५ किलो युरिया. एक गोणीही लागत नाही! अमोनियम सल्फेट मिळालं तर तुमच्या मातीला ते बरं, त्यात गंधकही असतं. ते ८० किलोच्या आसपास लागेल. भुरभुर पावसाच्या आधी द्या, मुसळधार पावसाच्या आधी नको. पुन्हा ऑगस्टअखेर तेवढंच. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद, मग उन्हाळ्यापर्यंत काही नाही. आणि कापणी थोडी उंच ठेवा, एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढू नका.

पुढच्या कार्यक्रमाला हिरवा रंग हवाच असेल तर आठवडाभर आधी हिराकस (फेरस सल्फेट) फवारा, लिटरला पाच ग्रॅम, सकाळी लवकर. पातं गडद होतं आणि वाढ मात्र चेतत नाही. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

धागाकर्ता:

जुलैतली खबर द्यायला आलो. जूनच्या मध्यावर पाऊस लागला. पश्चिम बाजू दहा दिवसांत भरली. पूर्वेला ठिगळं ठिगळं आली, गोलसमोर नुसती माती. जगवलेल्या पट्ट्यातून काश्या काढून मुलींनी त्या मातीत वीत-वीत अंतरावर लावल्यात. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्या काश्या लावल्या, त्यांतल्या दोघी आता कॉलेजला आहेत, त्याही आल्या होत्या. पहिलं अमोनियम सल्फेट पश्चिमेला दिलं, मोजून. नव्या लावणीला मुळं धरल्यावर देणार.

कोरडवाहू दादा, तुमचंही थोडं ऐकलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन मीटरचा एक चौकोन बिनखताचा ठेवलाय, शेजारी एक तीन ग्रॅमचा आणि एक सहा ग्रॅमचा. मार्चमध्ये तिन्ही खणून मुळं मोजायची असं आठवीनं, म्हणजे आता नववीनं, ठरवलंय. खुणेला लाकडी खुंट्या ठोकल्यात, पण मशीन फिरवताना त्या आड येतात आणि खेळताना पायाला लागायची भीती वाटते. जमिनीच्या पातळीत बसेल आणि वर्षभर दिसेल अशी खूण तुम्ही कशाची करता?