मॅकेंझी म्हणावे की देह चो?

उत्तरवाही: कॅनडातील मॅकेंझी नदीचे नाव बदलणे म्हणजे इतिहास पुसणे होय, असे येथे काल एका सदस्याने लिहिले, ते वाचून राहवले नाही. १७८९ साली अलेक्झांडर मॅकेंझी त्या प्रवाहातून आर्क्टिकपर्यंत गेला, तेव्हा ‘इंग्लिश चीफ’ म्हणून ओळखला जाणारा चिपेवायन या स्थानिक आदिवासी समाजाचा पुढारी त्याच्यासोबत होता आणि काठावरचे डेने लोक नदीला ‘देह चो’, म्हणजे मोठी नदी, म्हणत होते. पॅसिफिक शोधायला निघून भलत्याच समुद्राला लागलेल्या माणसाचे नाव गेले, तर नेमके काय पुसले जाते?

नकाशाप्रेमी: तो सदस्य मीच. मुखाकडचे इनुव्हियालुइट लोक तिला ‘कूकपाक’ म्हणतात. मग त्यांचे नाव पुसण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आधी नदी कोठून कोठवर, हे तरी ठरवा. ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून ती १,७३८ किलोमीटर भरते, वरच्या अंगाच्या पीस आणि फिनले या नद्या धरून ४,२४१. हा घोळ मी वीस वर्षे वर्गात निस्तरतो आहे.

पाणलोट: घोळ आपल्या वर्गात असेल! सर्वांत दूरच्या उगमापासून मोजावे, हे साधे तत्त्व आहे.

नकाशाप्रेमी: तत्त्व साधे असेल, पण फिनले आणि पार्सनिप या नद्या जेथे मिळून पीस नदी होत असे, तो संगमच १९६८ साली पुऱ्या झालेल्या बेनेट धरणाच्या जलाशयात बुडाला आहे. आपली टेप तेथे पाण्याखालून न्यावी.

पाणलोट: उपहासाने लांबी घटत नाही. उजनीत गावे बुडाली, म्हणून भीमेचा उगम भीमाशंकरहून धरणाच्या भिंतीपाशी आला काय?

यलोनाइफकर: आकड्यांवर भांडणाऱ्या दोघांनी तेथे एक वसंत काढावा. नदी उत्तरेला वाहत असल्यामुळे वरच्या अंगाचे बर्फ आधी फुटते आणि खाली अजून गोठलेल्या पात्रावर जाऊन अडते. आमचे यलोनाइफ गाव काठावर नाही, तरी तेथे येणारा रस्ता ही नदी ओलांडतो; तिच्यावर पूल होण्यापूर्वी बर्फावरचा रस्ता बंद आणि फेरीबोट अजून सुरू नाही, अशा दिवसांत ताज्या भाजीसाठी आम्ही दुकानदाराची मनधरणी केली आहे. २०१२ साली फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ पूल खुला झाला. त्याचे अधिकृत नाव ‘देह चो पूल’ आहे आणि त्यामुळे कोणाचाही इतिहास वाहून गेलेला नाही.

नकाशाप्रेमी: पुलापुरते मान्य, कारण पूल मॅकेंझीने पाहिला नव्हता. नकाशावर दोन्ही नावे छापायलाही माझी हरकत नाही. लांबी मात्र १,७३८च छापावी.