वारुळाची अळंबी ओळखायला मदत हवी आहे
मंडळी, सुट्टीला पोरांना घेऊन जांबोटीकडं मामाच्या गावी आलोय, काल काजूच्या बागेत वारुळावर अळंबी उगवलेली दिसली आणि बायकोनं लगेच टोपलीभर काढून आणली. देठ मुळासारखा खोल मातीत गेलेला, टोपीला मधे टोक, म्हणजे वारुळाचीच असं मामी म्हणते. पण पोरांनी उकिरड्याजवळची चार-पाच त्यातच मिसळलीत, त्यांच्या टोपीखालच्या पापुद्र्यांना हिरवट झाक आहे, देठाला कडं पण आहे, म्हणून भ्या वाटायलंय. शेजारची आजी म्हणते चांदीचं नाणं टाकून शिजवा, काळं पडलं नाही तर खावा. विषाला चांदीचं काय कळतंय! हिरवट तेवढी काढू का सगळीच टाकू? खानापूरकडच्या जाणत्यांनी लवकर सांगा की, मामी मसाला वाटून बसलीय.