पहिल्याने मारलेला उंदीर शिळा होतो का?

पाटीरंगारी (कसबा पेठ) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी चित्रकार वगैरे नाही, पाट्या रंगवणारा माणूस. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे मागचे फळे, विजेच्या खांबांवरचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आला आणि ब्रश कपाटात गेला. आता फ्लेक्सचंच दुकान आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू!

धाकटी लेक उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने ब्लेक ल रा नावाचा, भिंतींवर छाप (स्टेन्सिल) मारून चित्रं काढणारा फ्रेंच माणूस घेतलाय. परवा तिच्या सरांनी विचारलं, हा आज कशाला बघायचा, याचं सगळं बँक्सीने (तो नाव लपवून भिंती रंगवणारा प्रसिद्ध इंग्लिश चित्रकार) याच्यापेक्षा बरं करून दाखवलंय. पोरगी तोंड पाडून घरी आली. जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही बघा आणि खरं सांगा, हे जुनं झालंय का?

मग रात्री अकरापर्यंत बापलेक लॅपटॉपसमोर.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. माणसाचं खरं नाव झाविए प्रू, जन्म १९५१, शिकला एचिंग (आम्लाने पत्रा कोरून छापणं) आणि आर्किटेक्चर. १९७१मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथल्या भिंतींवरची रंगीत अक्षरं बघून चाट पडला. पण दहा वर्षं काही केलं नाही. करायला घेतलं तेव्हा वाटलं, ती अक्षरं त्या शहराची, पॅरिसमध्ये त्यांची नक्कल कशाला? लहानपणी इटलीत मुसोलिनीच्या चेहऱ्याचा एक जुना छाप भिंतीवर पाहिला होता, तो आठवला. १९८१मध्ये त्याने छाप कापले आणि पॅरिसभर काळे उंदीर सोडले. रोमन लिपीत ‘आर्ट’ची तीन अक्षरं फिरवली की ‘रॅट’ होतं, हीही गंमत त्यात आहे. बँक्सीचे उंदीर आले ते कितीतरी नंतर.

मुसोलिनीचं ऐकून मला हसूच आलं. अहो, आम्ही दुसरं काय करत होतो? रात्री दोन वाजता शिडी, बादली आणि पक्षाच्या चिन्हाचा छाप. एकाने धरायचा, दुसऱ्याने स्पंज थापायचा, की पुढची भिंत. एका रात्रीत आख्खी गल्ली. पकडलं तर धरणारा आणि थापणारा दोघंही छाप टाकून पळणार. म्हणजे छाप काही त्याने शोधला नाही. पण कोणी सांगितलेलं नसताना, पैसे कोणी देत नसताना तो मारायचा, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला दर भिंतीचे पैसे मिळायचे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण माझं मत तिथूनच आलंय. छाप कापायला आम्ही जुन्या एक्स-रे फिल्म वापरायचो. गरम पाण्यात सोडा टाकून घासली की काळं निघून जातं आणि मागे कडक, पारदर्शक, पाण्याने न फुगणारा पत्रा उरतो. कार्डशीट पन्नास भिंतींत मऊ पडतं, फिल्म वर्षभर जाते. पण मराठी अक्षर कापणं म्हणजे डोकेदुखी. ‘ठ’ घ्या. गोल कापला की पोट खाली पडतं, भिंतीवर नुसता काळा गोळा उमटतो. म्हणून पोट बाहेरच्या अंगाला धरून ठेवायला बारीक जोड सोडायचा. ‘ब’, ‘व’, ‘क’ सगळ्यांचं तेच. त्यात शिरोरेखा. ती सलग कापली तर खालची सगळी अक्षरं धुतलेल्या कपड्यांसारखी लोंबायला लागतात, म्हणून तीही तोडायची. जोड कुठे सोडायचा यावरून कोणाचा छाप ते आम्ही लांबून ओळखायचो. आमचे उस्ताद जोड उभा सोडत. मी तिरका.

तर मी ब्लेकचे जोड बघत बसलो. आणि माझं मत असं झालं (लेकीला पटलेलं नाही): उंदीर शिळा झालाय. छान कापलेला आहे, पण तो आता कॅफेच्या भिंतीवर, टीशर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर आहे. डोळ्याला सवय झाली. पण १९८३पासून त्याने पुरुषभर उंचीची माणसं मारायला घेतली. त्यातला एक टोपीवाला आयरिश म्हातारा आहे, ओरडणारा. तो शिळा झालेला नाही. कारण तो तुमच्याएवढाच आहे आणि तुमच्याच फुटपाथवर उभा आहे. उंदीर कुठेही चालतो, भिंत कुठलीही असो. माणूस उभा करायचा तर पाय जमिनीला कुठे टेकणार, शेजारी दार आहे की पन्हळ, हे आधी बघावं लागतं. लॅपटॉपवर फोटोत बघतानासुद्धा मी एकदा दचकलो.

तर प्रश्न असा. सगळ्यात आधी करणाऱ्याचं काम, बाकीच्यांनी ते उचलल्यावर, नुसतं ‘आधी केलं’ म्हणून बघायचं की अजून काही उरतं? पोरीने काय लिहावं? प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात द्यायचंय.

निवृत्त_वकील_सदाशिव

पाटीरंगारी, आपण रात्री दोन वाजता रंगवलेल्या भिंतींपैकी एक आमची होती अशी दाट शंका आहे. चिन्ह निघायला तीन पावसाळे लागले.

कलेतलं मला कळत नाही, कायद्यातलं सांगतो. विनापरवाना भिंत रंगवली तर आपल्याकडे मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५चा कायदा आहे. चित्र उंदराचं असो वा विठोबाचं. उलट बाजूने, परवानगीने केलेल्या कामाला संरक्षण आहे. अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं, तुकडे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये निकाल दिला: कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, म्हणजे कलाकाराचा नैतिक हक्क. उरलेलं शिल्प परत आणि वर पाच लाख भरपाई. मालकी सरकारची असली तरी नासधूस करायचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ. बुजुर्गाचं काम बुजुर्गाच्याच हयातीत कसं अडगळीत जातं, याचं याहून चांगलं उदाहरण मुलीला मिळणार नाही.

रात्री मारलेल्या उंदराला मात्र कलम ५७ वाचवायला येईल असं वाटत नाही.

स्प्रेकॅन_नाना_पेठ

काका, भारी लिहिलंय. जोड बघून माणूस ओळखणं म्हणजे आमच्याकडे टॅगच्या (स्प्रेने भिंतीवर केलेल्या सहीच्या) वळणावरून ओळखतात तसंच.

पण मला तुमचा प्रश्नच पटत नाही. टिकलं पाहिजे असं आपण का धरून चाललोय? भिंतीवरचं चित्र त्या भिंतीचं आणि त्या आठवड्याचं असतं. इटलीत ब्लू नावाचा एक आहे. बोलोन्यात त्याने वीस वर्षं प्रचंड चित्रं काढली. २०१६मध्ये तिथे स्ट्रीट आर्टचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात भिंतींवरून काढून आणलेली कामंही होती. या गड्याने काय केलं, मित्रांना घेऊन शहरातली स्वतःचीच चित्रं करड्या रंगाने पुसून टाकली. संपलं. तुमच्या लेकीच्या सरांना विचारा, ती पुसलेली भिंत जुनी झाली का?

खरं सांगायचं तर मी ब्लेकचं नाव बँक्सीच्या नंतर ऐकलं. म्हणजे नातवाकडून आजोबांची ओळख झाली. पहिल्यांदा बघितला तेव्हा ‘हे तर कॉपी आहे’ असं मनात आलं, मग सालं बघितली आणि गप्प बसलो.

माझं स्वतःचं एक काम जानेवारी २०२३मध्ये गेलं. जी-२०ची बैठक पुण्यात होती, रस्त्याकडेच्या भिंती सजत होत्या. तीन रात्री घालवून काढलेली म्हातारी सकाळी गायब. दुःख तिच्या जाण्याचं नाही, तो नियमच आहे. पण तिच्यावर आलं काय? वारली. पुन्हा एकदा वारली!

डहाणूहून_कोथरूडला

नाना पेठवाल्या भाऊ, तुमचा राग समजला, पण वारलीवर काढू नका. मी डहाणू तालुक्यात वाढले, इथे शाळेत चित्रकला शिकवते.

वारली चित्र मुळात भिंतीचंच. शेणाने सारवून गेरू दिलेली कुडाची भिंत, तांदळाचं पांढरं पीठ, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला ब्रश. लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. हो, ‘लिहायचा’, ‘काढायचा’ नाही. लग्न झालं की भिंत पुन्हा सारवली जायची. म्हणजे टिकवायचं नाही, हे आमच्या आज्यांना बोलोन्याच्या आधीपासून माहीत होतं.

मग जिव्या सोमा म्हशे आले. पुरुष असून, लग्न नसताना, रोज काढायला लागले. सत्तरच्या दशकात त्यांचं काम कागदावर, कापडावर येऊन बाहेर पोचलं. २०११मध्ये पद्मश्री, २०१८मध्ये गेले. पाटीरंगारी काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. आज पुण्यात दर तिसऱ्या सोसायटीच्या फाटकावर वारली आहे. मी रोज एका भिंतीवरून जाते. तिच्यावर तारपा नाच आहे, माणसांचा छान गोल फिरतोय आणि मधे तारपा वाजवणाराच नाही! अहो, तो वळेल तसा गोल वळतो, नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत. तो काढून टाकला की उरते फक्त नक्षी. पुढच्यांनी नक्षी उचलली, कारण तेवढीच छापात कापता येते.

म्हशेंचं मासेमारीचं जाळं मुलीला दाखवा. सगळा कागद बारीक रेघांनी भरलेला. मी पोरांना वर्गात दाखवते तेव्हा सोसायटीची भिंत रोज बघणारी पोरंसुद्धा एकदम गप्प होतात. एकाने विचारलं होतं, ‘बाई, यांचा हात दुखला नाही का?’

पाटीरंगारी

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, भिंत आपली असल्यास माफी असावी. तीन पावसाळे म्हणजे रंगात आम्ही फेव्हिकॉल जास्त घातलं होतं.

नाना, पुसलेल्या भिंतीचं लेकीला फार आवडलं, लिहून घेतलं. पण भिंत ‘त्या आठवड्याची’ हे मला अर्धंच पटतं. लेकीने ब्लेकचंच एक उदाहरण काढलं, ऐक. १९९१ची गोष्ट. जर्मनीत लाइपझिगला त्याने होणाऱ्या बायकोसाठी म्हणून भिंतीवर माय-लेकराचा छाप मारला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये असंच चित्र मारताना पकडला गेला, खटला झाला. त्यानंतर थेट भिंतीवर मारणं सोडून घरी कागदावर मारायचा आणि तो कागद बाहेर चिकटवायचा. आणि लाइपझिगची ती बाई? तिच्यावर पोस्टरांवर पोस्टरं चढत गेली. २०१२मध्ये घराच्या दुरुस्तीच्या वेळी कागदांच्या थराखाली सापडली. आता तिच्यावर काच आहे, वारसा म्हणून जपतात. वीस वर्षं कोणी बघितलीच नाही म्हणून वाचली.

बाई, तुमच्या तारप्याचं वाचल्यावर मी माझं मत सुधारतो. मी म्हणत होतो उंदीर शिळा झाला. खरं तर नक्कल करणाऱ्यांनी उंदीर उचलला आणि गटार सोडलं. त्याचे उंदीर भिंतीच्या बुडाशी पळतात, जिथे खरा उंदीर पळेल तिथे. कॅफेतला उंदीर कॉफीच्या कपाशेजारी छत्री धरून उभा. लेक म्हणाली, बाबा, हे वाक्य मी घेते. घे म्हटलं.

आता एक झालं ते सांगतो. मंगळवारी मंडईजवळच्या एका वाड्यावरचा मोठा फ्लेक्स उतरवायला पोरांबरोबर मीही गेलो होतो. चौकट काढली, मागे चुन्याची भिंत, वर धूळ, पारव्यांची घाण. आणि त्यात काळ्या रंगात अर्धवट ‘शुक्रवार पे’. पुढचं अक्षर प्लास्टरच्या पोपड्याखाली. नखाने पोपडा काढला. ‘ठ’. पोटाचा जोड उभा.

उभा म्हणजे उस्तादांचा. मी शिकायला लागलो तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते, छाप मीच कापायचो, म्हणजे हा त्याच्याही आधीचा. मी शिडीवर तसाच उभा. खालून पोरगं ओरडतंय, काका, स्क्रू द्या.

मालक भला माणूस आहे, पण त्याचा एसीपीचा (अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा) बोर्ड तयार आहे, सोमवारी बसणार. मागे काय आहे त्याचं त्याला काही नाही आणि मीही आग्रह धरला नाही. रविवारी सकाळी लेक ट्रेसिंग पेपर घेऊन येतेय, सहाही अक्षरं उतरवून घेणार आहे आणि त्यावरून नवा छाप कापणार म्हणते. कार्डशीटवर कापू नकोस म्हटलं, पहिल्याच दिवशी ‘ठ’चं पोट गळेल.

अडचण एवढीच की आता सगळे एक्स-रे मोबाइलवर येतात. कोणाकडे जुन्या मोठ्या फिल्म पडून असतील, छातीच्या असल्या तर उत्तम, तर कळवा. कसब्यात, नारायणात कुठेही येऊन घेऊन जाईन.