नक्कल मिळेपर्यंत मुदत संपते
निवडणुकीच्या कागदांत 'खाडाखोड करणारा अधिकारी सुटत नाही, चंदीगड बघा' असं कुणी म्हणालं, ते मला अर्धंच पटलं. 30 जानेवारी 2024 च्या चंदीगडच्या महापौर निवडणुकीत 8 मतं बाद ठरवली गेली, पण निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याचं मतपत्रिकांवर पेन चालवतानाचं चित्रीकरण होतं. म्हणून 20 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि त्या अधिकाऱ्यावर कारवाईची नोटीस काढायला लावली. कॅमेरा नसता तर?

आपल्याकडे ग्रामपंचायतीला महाराष्ट्राचा 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे निकालाला आव्हान द्यायचं तर 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. आमच्या वॉर्डात 3 मतांनी निकाल लागला, तेव्हा मोजणीच्या तक्त्याच्या नकलेसाठी आम्ही चकरा मारल्या. आधी 'साहेब मीटिंगला', मग 'अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावलं नाही', मग नुसती सही राहिली. नक्कल मिळाली 13 व्या दिवशी, आणि शिक्का इतका पुसट की वकिलांनी ती खिडकीपाशी उजेडात धरून वाचली. अर्ज कसाबसा मुदतीत गेला. पण नक्कल अडवणाऱ्याला जाब कोण विचारणार, हे काही मला त्या कलमात सापडलं नाही.