ठाण्यात दर बुधवारी दुपारची मैफल

आपल्या शिकागोच्या मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

शिकागोत असताना बुधवारी दुपारी सव्वाबाराला कल्चरल सेंटरमधील, ब्रिटिश पियानोवादक मायरा हेस यांच्या नावाने होणाऱ्या मैफलींना जाण्याचा परिपाठ आपल्यापैकी अनेकांचा होता. १९७७ पासूनचा तो विनामूल्य उपक्रम; टिफनीच्या रंगीत काचांच्या घुमटाखाली पाऊण तास पियानो किंवा व्हायोलिन ऐकायचे आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचे. रेडिओवरून थेट प्रक्षेपण होत असल्यामुळे सव्वाबारा म्हणजे सव्वाबाराच. दीपप्रज्वलन नाही, मान्यवरांचे मनोगत नाही.

आता नौपाड्यात राहायला आल्यावर पाहतो, तर ठाण्यातही विनामूल्य संगीताला तोटा नाही. पं. राम मराठे याच शहरात राहिले आणि त्यांच्या नावाने महापालिका भरवत असलेल्या संगीत समारोहाला आजही तिकीट नसते. मात्र असे उत्सव ठरावीक दिवसांपुरते असतात आणि बाकीच्या आठवड्यांत, आज कुठे गाणे आहे का, याची चौकशी करत बसावे लागते.

मला अधिक सलते ते निराळेच. येथील बहुतेक मैफली संध्याकाळच्या, त्यामुळे यमन, मारवा, बागेश्री या संध्याकाळ-रात्रीच्या रागांची कानांना सवय होते, पण शुद्ध सारंग किंवा भीमपलास हे दुपारचे राग समोर बसून ऐकण्याचा योग क्वचितच येतो. पाश्चात्त्य संगीताला प्रहरांचे बंधन नाही; आपल्याकडे मात्र भर दुपार ही सारंगाच्या प्रकारांची हक्काची वेळ. पाऊण तासात एक राग नीट मांडता येतो: संथ लयीतला विलंबित ख्याल, मग जलद लयीतली द्रुत बंदिश आणि जमल्यास तराणा. रात्री दहाला नाट्यगृहाबाहेर रिक्षासाठी ताटकळणे ज्यांना झेपत नाही, त्या ज्येष्ठ श्रोत्यांनाही ही वेळ सोयीची ठरेल. म्हणून ठाण्यात दर बुधवारी दुपारी अशी विनामूल्य मैफल सुरू व्हावी आणि मंडळाने तिला हातभार लावावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक जुना सभासद, ठाणे

---

स. न. वि. वि.

तुमची सूचना मला मनापासून पटली, फक्त ‘विनामूल्य’ या अटीवर मी अडून बसणार नाही. ज्यांच्या नावाने आपण त्या मैफली ऐकल्या, त्या मायरा हेस यांनी १९३९ मध्ये, युद्धामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे हलवल्यावर, तिथेच दुपारच्या मैफली सुरू केल्या, तेव्हा एक शिलिंग प्रवेशमूल्य होते. मैफली सोमवार ते शुक्रवार होत आणि लोकांना त्या नेमाचा भरवसा वाटे.

श्रोत्यांकडून काही घ्यायचे नसेल, तर कलावंतांची बिदागी कोण देणार, हे आधी ठरवावे लागेल. तरुण गायकाला ‘व्यासपीठ मिळते आहे ना’ असे सांगून फुकट गाववून घेण्याची आपल्याकडची रीत मला अजिबात मान्य नाही. तबला आणि संवादिनीच्या साथीदारांना तर त्याहून कमी विचारले जाते. मंडळ एखाद्या मोठ्या कलावंताच्या दौऱ्यावर जेवढा खर्च करते, त्यातला काही भाग इकडे वळवण्याचा प्रस्ताव मी पुढील कार्यकारिणीच्या बैठकीत मांडते.

तोवर तुम्ही घंटाळी-नौपाडा भागातल्या छोट्या सभागृहांचे कामाच्या दिवसाचे दुपारचे भाडे विचारून ठेवा, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत तानपुरा ऐकू येतो का, तेही पाहून कळवा.

आपली,
शिकागोहून एक कार्यकारिणी सदस्य