'टॉर्न' अमेरिकेत ४२व्या क्रमांकाचं गाणं? मला हा आकडा मान्य नाही

सूरवेडी

गायिका नॅटली इम्ब्रुलियाच्या 'टॉर्न'ची माहिती कुठेही काढा, अमेरिकेच्या रकान्यात एक आकडा हमखास दिसतो: बिलबोर्ड हॉट १०० (बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाची लोकप्रिय गाण्यांची यादी), सर्वोच्च क्रमांक ४२. त्या काळात तिथला रेडिओ ऐकलेल्या कुणालाही हे पटणार नाही. १९९८मध्ये बिलबोर्डच्याच रेडिओवरच्या गाण्यांच्या यादीत 'टॉर्न' एकूण ११ आठवडे पहिलं होतं. एकाच साप्ताहिकाच्या एका यादीत पहिलं आणि दुसरीत ४२वं, हे कसं?

तेव्हा नियम असा होता की गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून सुटं, दुकानात विकायला आलं असेल तरच ते हॉट १००मध्ये धरायचं. अमेरिकेत आरसीए या रेकॉर्ड कंपनीनं 'टॉर्न'चं सिंगल विकायला काढलंच नाही. गाणं हवं असेल तर 'लेफ्ट ऑफ द मिडल' हा अख्खा अल्बम घ्यायचा. दोनतीन डॉलरच्या सिंगलऐवजी पंधराएक डॉलरची सीडी खपवण्याचा हा सरळ हिशोब होता आणि त्या वर्षांत बऱ्याच कंपन्या तो करत होत्या. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' १६ आठवडे रेडिओवर पहिलं राहिलं, पण हॉट १००मध्ये एकदाही आलं नाही. गू गू डॉल्सचं 'आयरिस' तर रेडिओवर १८ आठवडे पहिलं होतं. ५ डिसेंबर १९९८च्या अंकापासून बिलबोर्डनं नियम बदलला, केवळ रेडिओवर वाजणारी गाणीही धरायला सुरुवात केली, तेव्हा 'आयरिस' ९व्या क्रमांकापर्यंत गेलं. 'टॉर्न'चा बहर तोवर ओसरला होता, म्हणून ४२.

म्हणजे हा आकडा लोकांना गाणं किती आवडलं ते सांगत नाही. नियम बदलला त्या आठवड्यांत गाण्यात किती धुगधुगी उरली होती, एवढंच सांगतो. १९९८च्या पॉप रॉकचा इतिहास लिहिणाऱ्यानं तो पहिल्या ओळीत छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड

असहमत. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता आणि सगळ्यांना सारखा लागू होता. आरसीएसमोर दोन वाटा होत्या: सिंगल विकून हॉट १००मध्ये वर जायचं किंवा अल्बमवर पैसे कमवायचे. त्यांनी दुसरी निवडली आणि अल्बम उत्तम खपला. निवडीचा फायदा घेतलाय, तर तिची किंमतही त्याच खात्यात मांडायला हवी.

दुसरं, रेडिओवरची यादी म्हणजे 'लोकांची आवड' हे तुम्ही गृहीतच धरलंय. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा लावायचं हे रेडिओ स्टेशनवरची दोनचार माणसं ठरवतात. त्यांच्यामागे रेकॉर्ड कंपन्यांचे प्रमोशनवाले लागलेले असतात. गाडी चालवताना कानावर पडलेलं गाणं आणि खिशातून पैसे काढून विकत घेतलेलं गाणं यांत मी दुसऱ्यालाच मत म्हणेन. हॉट १००मध्ये विक्री आणि रेडिओ दोन्ही मोजत, म्हणून मला ती यादी जास्त भरवशाची वाटते.

सूरवेडी

@आकडेमोड, खरेदी हेच मत असेल तर मतपेटीच ठेवली नव्हती तिथे लोकांनी मत कुठे टाकायचं? सिंगल दुकानात नव्हतंच. आणि जिथे होतं तिथला निकाल बघा. ब्रिटनची यादी तेव्हा निव्वळ विक्रीवर चालायची. नोव्हेंबर १९९७मध्ये 'टॉर्न' तिथे थेट २ऱ्या क्रमांकावर आलं. वर अ‍ॅक्वाचं 'बार्बी गर्ल' ठाण मांडून बसलं होतं, त्यामुळे पहिला क्रमांक मिळालाच नाही. तरीही ते दुकानांत खपत राहिलं आणि ब्रिटनमधली विक्री दहा लाखांच्या पुढे गेली. एकदाही पहिलं न येता! तुमच्याच कसोटीवर, पैसे मोजणाऱ्या माणसानं या गाण्याला मत दिलंय.

निळी कॅसेट

तुम्ही दोघं आकड्यांत अडकलात, व्हिडिओबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या मते 'टॉर्न' घरोघर पोचलं ते व्हिडिओमुळे. आपल्याकडे तर सिंगल नावाची वस्तू कुणी पाहिलीच नव्हती. मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या दुकानात गेलात तरी अल्बमची कॅसेट मिळायची. गाणं आधी दिसायचं चॅनल व्ही किंवा एमटीव्हीवर, आणि दिसलेलंच मग ऐकावंसं वाटायचं.

अ‍ॅलिसन मॅक्लीन या दिग्दर्शिकेचं ते काम. एक साधी सदनिका, कॅमेरा जवळजवळ जागचा हलत नाही. नॅटली आणि जेरेमी शेफील्ड हा नट एका जोडप्याचं दृश्य करताहेत. तो जवळ येतो, ती अवघडते. मधेच चित्रीकरणातली माणसं चौकटीत शिरतात, काहीतरी सुधारतात, पुन्हा टेक. कधी ती कॅमेऱ्याकडे बघून गाते, कधी दृश्यातली बाई होते. शेवटी कामगार खोलीच्या भिंतीच उचलून नेऊ लागतात, ते घर म्हणजे सेट होता हे उघड होतं, आणि ती त्या पसाऱ्यात एकटीच नाचत राहते. फसव्या प्रेमाचं गाणं, आणि त्याला घरही खोटं, मिठीही ठरवून दिलेली. याहून नेमकी कल्पना त्या दशकातल्या फार थोड्या व्हिडिओंत सापडेल. १९९८चं एमटीव्हीचं सर्वोत्तम नवोदिताचं पारितोषिक तिला याच गाण्याच्या व्हिडिओसाठी मिळालं.

दर्यावर्दी

मला हे कौतुक खटकतं. व्हिडिओनं गाणं पोचवलं हे खरं, पण त्यानं काय विकलं तेही बघा. नॅटली 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेतली नटी. चेहरा ओळखीचा, कॅमेऱ्यासमोर सहज वावरणारी. गाणं तिचं नव्हतंच. अ‍ॅन प्रेव्हन, स्कॉट कटलर आणि फिल थॉर्नली यांनी ते १९९१मध्ये लिहिलं. प्रेव्हन आणि कटलर यांच्या एडनास्वॅप या लॉस एंजेलिसच्या बँडनं १९९५च्या पहिल्या अल्बममध्ये ते घेतलं. तिथे गिटार जड आहे, प्रेव्हनचा आवाज खरोखर फाटतो, जखम ऐकू येते. ते कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी हुडी घातलेली एक देखणी मुलगी तेच गाणं गाते आणि जग डोक्यावर घेतं. ४२ की १ यावर वाद घालण्यापेक्षा ज्यांनी ते गाणं जगून लिहिलं त्यांना श्रोत्यांनी काय दिलं, याचा विचार व्हावा.

सूरवेडी

@दर्यावर्दी, 'गाणं तिचं नव्हतंच' हे ठीक, पण त्यातून तुम्ही काढलेला अन्यायाचा निष्कर्ष पटत नाही. नॅटलीच्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता फिल थॉर्नलीच होता, म्हणजे तिघा लेखकांपैकीच एक. लिहिणारे म्हणून प्रेव्हन आणि कटलर यांची नावं प्रत्येक प्रतीवर आहेत, आणि गाणं जितक्यांदा वाजतं तितक्यांदा त्यांचं मानधन होतं. चोरी कुणाची झालेली नाही.

आणि ऐकून बघा ना शेजारी शेजारी ठेवून. एडनास्वॅपच्या गाण्यात दुःख पहिल्या ओळीपासून टिपेला आहे, त्यामुळे ध्रुवपदाला वर चढायला जागाच उरत नाही. थॉर्नलीनं अकूस्टिक गिटार पुढे आणली, खाली ड्रमचा एकसारखा ठेका ठेवला. मिश्रण नायजेल गॉडरिचनं केलं, त्याच वर्षी रेडिओहेड बँडच्या 'ओके कम्प्युटर' अल्बमवर काम केलेला हाच माणूस. नॅटली कडवं जवळजवळ बोलल्यासारखं गाते, आवाज दाबून धरते आणि ध्रुवपदात सोडते. शेवटी ती थांबते आणि स्लाइड गिटार तिचं राहिलेलं म्हणणं पुरं करते. हे चेहऱ्यानं होत नाही. रेडिओवर चेहरा दिसत नाही, आणि तिथेच ते ११ आठवडे पहिलं होतं.

कोपनहेगनकर

इथे राहून एक वेगळी बाजू दिसते. हे गाणं ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं ते सगळ्यात आधी डेन्मार्कमध्ये. १९९३मध्ये लिस सोरेन्सननं ते डॅनिश शब्दांत गायलं आणि इथे ते खूप लोकप्रिय झालं. माझ्या कचेरीतल्या पन्नाशीच्या लोकांना आधी तेच आठवतं, इंग्रजी नंतर. मग एडनास्वॅप, मग १९९६मध्ये नॉर्वेची ट्रिने राइन, आणि १९९७ला नॅटली. दर्यावर्दी म्हणतात तसा 'मूळ बँडचा' दावा मला म्हणूनच कच्चा वाटतो. चार वर्षांत चार आवाज, आणि सोरेन्सनच्या देशात त्या गाण्याला ना 'नेबर्स'ची गरज पडली ना मॅक्लीनच्या व्हिडिओची.

दर्यावर्दी

@कोपनहेगनकर, सोरेन्सन तेव्हा तुमच्याकडे प्रस्थापित गायिका होती. प्रस्थापित नाव किंवा ओळखीचा चेहरा असेल तर गाणं चालतं आणि दोन्ही नसताना चालत नाही, हेच तर मी म्हणतोय. कटलर-प्रेव्हन यांना पैसे मिळाले असतील, पण त्यांना स्वतःचं गाणं स्वतःच्या आवाजात ऐकवायचं होतं. ते राहिलंच. @सूरवेडी, दुःख टिपेला असणं हा तुम्हाला दोष वाटतो, मला तोच त्या ध्वनिमुद्रणाचा प्राण वाटतो.

निळी कॅसेट

@आकडेमोड, एक प्रश्न. २०१३पासून बरीच वर्षं हॉट १००मध्ये यूट्यूबवरचे व्ह्यूजही मोजत होते. १९९८मध्ये असा व्हिडिओ तासातासाला दाखवला जात होता, पण त्याची यादीत काडीची नोंद नाही. तसे नवे नियम लावले तर 'टॉर्न' कुठे असतं?

आकडेमोड

बऱ्याच वर असतं, यात मला शंका नाही. पण नवे नियम लावायचे तर पूर्ण लावा. आज मोठ्या गायकाचा अल्बम आला की त्यातली झाडून सगळी गाणी एका आठवड्यात हॉट १००मध्ये शिरतात आणि पुढच्या आठवड्यात निम्मी बाहेर पडतात. त्यांच्या वाट्याला आलेले १५वे, २०वे क्रमांक 'टॉर्न'च्या ४२पेक्षा चांगले ठरवायचे का? प्रत्येक काळाची यादी त्या काळच्या नियमांनीच वाचायची असते. १९९८च्या यादीला सिंगलची अट होती, आणि 'टॉर्न' त्या स्पर्धेत जवळजवळ उतरलंच नव्हतं.

सूरवेडी

@आकडेमोड, 'जवळजवळ उतरलंच नव्हतं' हे तुमचं वाक्य त्या आकड्याशेजारी छापलं तर माझी तक्रार नाही. उतरून ४२वं येणं आणि न उतरणं यातला फरक वाचणाऱ्याला कळला पाहिजे. आज तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही आणि विशीतली मुलं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेत चाललंच नाही असं बिनधास्त लिहितात.