कोर्लईची भाषा: कोश हवाच, पण…

कोणी म्हणतं, रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावच्या पोर्तुगीज क्रिओलचा (पोर्तुगीज आणि स्थानिक भाषा मिसळून तयार झालेल्या भाषेचा) चांगला शब्दकोश निघाला की भाषा वाचेल. कोश हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही. १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून चौल गेलं, तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या एका गावात ख्रिस्ती कुटुंबांनी ही भाषा घराघरांत टिकवली, तीही चहूबाजूंनी मराठी असताना! आज बोलणारे जेमतेम हजारभर.

इथे नाशकात आमच्या शेजारचे सुरगाण्याचे काका फोनवर आईशी कोकणा बोलीत भरभरून बोलतात, फोन ठेवला की मुलाला प्रमाण मराठीत विचारतात, "अभ्यास झाला का?" गळती तिथेच लागते. कोर्लईतल्या आईबापांनी मुलांशी आपल्याच भाषेत बोलत राहावं आणि शाळेतही पहिली-दुसरीला तिला जागा मिळावी, असं मनापासून वाटतं.